मंदाबाईंची ताडपत्री

सुरतेतल्या लिंबायतच्या त्या मराठी शाळेत मंदाबाईंना नावानं हाक मारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. शाळेत, गल्लीत, भाजीवालीकडे, पिठाच्या गिरणीत, सगळीकडे त्या कॅप्टनबाई. अमळनेरहून लग्न होऊन सुरतेत आल्या तेव्हा गुजराती बोलणं तर सोडाच, एकटीनं रस्ता ओलांडायचाही धीर नव्हता. नवरा सुकलाल कडोदऱ्याच्या एका कारखान्यात लूमवर कामाला. राहायला दोन खोल्या, आणि भिंतीपलीकडे मागांचा अखंड खडखडाट. त्या खडखडाटात बसून बाईंनी शिक्षिकेचा पी.टी.सी. कोर्स केला, नोकरी मिळवली. पुढे शाळेत गाईडचं पथक काढायचं ठरलं, तेव्हा बाकीच्या शिक्षिका पदर सावरत मागे सरकल्या आणि ह्या पुढे होऊन पथकाच्या कॅप्टन झाल्या. तेव्हापासून गळ्यात स्कार्फ आणि शिट्टी. ज्या पोरींना घरचे गल्लीच्या टोकापलीकडे सोडत नव्हते, त्या पोरी बाईंच्या भरवशावर रानात तंबू ठोकून राहून येऊ लागल्या. आया म्हणायच्या, "कॅप्टनबाई आहेत ना संगं? मग जाय." एवढ्या एका वाक्यावर मंदाबाई वर्षभर टवटवीत राहायच्या.

आणि मग आली शर्वरी.

परकी असती तर एक वेळ सोसलं असतं हो! पण ही याच शाळेत शिकलेली, मंदाबाईंच्याच पथकातली. हिच्या वेण्या त्यांनी आवळून बांधलेल्या, हिच्या छातीवर बिल्ला त्यांनी लावलेला. सुरतेतल्या चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर शाळा पुन्हा सुरळीत झाली आणि दोनेक वर्षांत ही शिक्षिका होऊन दारात उभी. वाकून नमस्कार केला. मंदाबाईंनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले, "माझी विद्यार्थिनी" म्हणून सगळ्यांना सांगितलं. पेढ्यांचा खोका रिकामा व्हायच्या आत त्यांच्या लक्षात आलं की आपल्या पोटात काहीतरी खुपतंय.

काय खुपत होतं? एक असेल तर सांगावं. शर्वरी मुलींबरोबर दोरीवरच्या उड्या मारायची. गाठी शिकवताना गुजराती गाणी म्हणायची. मुलींची संख्या वाढली म्हणून हेडमास्तर बन्सीलालसरांनी तिला दुसरी कॅप्टन केलं, तेही एक वेळ ठीक. पण मुली तिला 'ताई' म्हणायला लागल्या! मंदाबाईंना एवढ्या वर्षांत एकीनंही कधी ताई म्हटलं नव्हतं. त्या बाईच. आणि गायत्री, पथकाची म्होरकी, जिला बाईंनी पाचवीपासून तळहातावर वाढवलं, तीसुद्धा मधल्या सुट्टीत शर्वरीच्या टेबलाशी घुटमळायची. मंदाबाई वह्या तपासता तपासता चष्म्यावरून बघायच्या, आणि एखाद्या निरपराध पोरीच्या वहीवर लाल पेनानं भलीमोठी फुली मारायच्या.

त्यातच डिसेंबरच्या तोंडाशी बन्सीलालसरांनी दोघींना ऑफिसात बोलावलं. येत्या जूनपासून एका शाळेला एकच कॅप्टन, असं वरून ठरलं होतं. सर गुळमुळीत माणूस, कुणाला दुखवायचं म्हटलं की कान खाजवायचे. कान खाजवत म्हणाले, "कामरेजचा कॅम्प होऊ द्या. दोन तंबू आहेत, एकेक दोघींनी सांभाळा. मी येऊन बघतो, मग ठरवू."

"बाईंचाच हक्क आहे सर," शर्वरी लगेच म्हणाली.

झालं! मंदाबाईंच्या अंगाचा तिळपापड. आता हक्कसुद्धा हिनं आपल्याला बहाल करायचा? त्या म्हणाल्या, "हक्काचं काय, सर बघतील आणि ठरवतील." म्हणाल्या खऱ्या, पण घरी येईपर्यंत डोक्यात एकच घोळत होतं. शिट्टी काढून दुसरीच्या हातात द्यायची? उद्या भाजीवाली काय म्हणून हाक मारेल?

तंबू दोन्ही सारखेच, खाकी किंतानाचे, जुने. वरून छप्पर, चारी बाजूंना भिंती, पण तळ नाही. भिंतींच्या खालच्या कडेला वीतभर रुंदीची झालर. आत जमिनीवर अंथरायचं कापड ज्याचं त्यानं आणायचं. मंदाबाईंकडे पूर्वी सुकलालनं कारखान्यातून आणलेलं, गठाणी बांधायचं बारदान होतं, आतून मेणकापड लावलेलं. ते झिजून झिजून कधीच चिंध्या झालं होतं. तेव्हा नवं कापड घेणं आलं, आणि घ्यायचं तर असं घ्यायचं की बन्सीलालसरांनी तंबूच्या दारातच थबकलं पाहिजे.

रविवारी सुकलालला बरोबर घेऊन त्या स्टेशनजवळच्या ताडपत्रीच्या दुकानात गेल्या. दुकानदार ओळखीचा. "आवो कॅप्टनबेन!" म्हणत त्यानं थप्पीवरून एकेक ओढायला सुरुवात केली.

पहिलं निळं प्लॅस्टिक. मंदाबाईंनी ते चुरगाळून बघितलं. कुशीवर वळलं तरी करकरणार, आणि एखादा खुंट लागला की टर्रकन फाटणार. नको. दुसरं रेग्झिन. वरून छान गुळगुळीत, पण अंगाला चिकटतं, आणि थंडीत त्यावर झोपलेल्या पोरी सकाळी सर्दीनं शिंकत उठतील. तेही नको. तिसरी मात्र खरी चीज निघाली. ट्रकवर टाकतात तसली, मेण पाजलेली हिरवी ताडपत्री. जड, घट्ट विणीची, कडांना पितळी कड्या. मंदाबाईंनी ती नाकाशी नेली, बोटांनी चोळली, तिच्यावर पेल्यातलं पाणी ओतून बघितलं. पाणी थेंबाथेंबांनी वर उभं राहिलं. कापडाच्या बाबतीत सुरतेत राहणारी बाई फसत नाही, आणि मंदाबाई तर मुळीच नाही.

"हीच द्या," त्या म्हणाल्या. "तंबूच्या मापाची."

दुकानदार गज काढता काढता सहज बोलून गेला, "सवारे तमारी नवी बेन आवी'ती. यही कपडा लिया. पण छोटा कटवाया, तंबूसे भी छोटा."

मंदाबाईंचा हात ताडपत्रीवर थांबला. म्हणजे सकाळीच येऊन गेली! आणि हेच कापड, आपण एवढं चोळून-हुंगून निवडलेलं, तिनं आधीच नेलं! आता दोन्ही तंबूंत एकच हिरवी ताडपत्री, मग सरांना फरक तो काय दिसणार?

"लहान घेतलं?" त्या हसल्या, पण हसू काही डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "चिंधी घेतली म्हणा की. मला मोठी द्या. तंबूच्या बाहेर चारी बाजूंनी हात-हातभर आली पाहिजे. आणि दारापुढे दोन हात."

सुकलाल आतापर्यंत बिडी विझवून हातात धरून मुकाट उभा होता. बायकोच्या भानगडीत पडायचं नाही हे त्यानं लग्नानंतर लवकरच शिकून घेतलं होतं. तरी त्याला राहवलं नाही. "इतली मोठी कसाले वं? झोपनं त आतमाच शे ना?"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं? माझ्या माहेरी लग्नात जाजम मांडवाच्या बाहेर येतं. पाहुण्याचा पहिला पाय मातीवर पडला तर आमच्याकडे लाज वाटते. मांडवात मावेल एवढंच अंथरणारं घर म्हणजे दरिद्री घर."

"मांडवमा अन् तंबूमा फरक शे, कॅप्टनबाई," सुकलाल म्हणाला. पण बाईंनी अशा काही नजरेनं बघितलं की त्यानं विझलेली बिडी पुन्हा तोंडात धरली. घरी नेताना ते ओझं त्याच्याच खांद्यावर होतं.

कामरेजला तापीच्या अंगाला एका ओळखीच्या शेतकऱ्याची आंब्याची बाग होती, तिथं कॅम्प. मंदाबाईंनी मुलींना हाकत तंबू उभा केला. खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, तंबूभोवती पाणी वाहून जायला चर खणून घेतला. एवढं सगळं बिनचूक. मग ताडपत्री उघडली. मुलींच्या तोंडून "ओहो!" निघालं, ते ऐकून बाईंना बरं वाटलं. झालर वर दुमडून ठेवली आणि ताडपत्री भिंतींखालून चारी बाजूंना बाहेर काढली. दारापुढे तर छान अंगणच झालं. त्या अंगणात गायत्रीनं पानाफुलांची रांगोळी घातली. बाईंनीच घालायला लावली, उगाच कशाला खोटं बोला.

शेजारी शर्वरीचा तंबू. तिची ताडपत्री आतल्या आत. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आत काही अंथरलंय की नाही. दारापुढे नुसती माती. मंदाबाईंनी एकदा तिकडे बघितलं, एकदा आपल्या अंगणाकडे, आणि सुरतेहून निघाल्यापासून पहिल्यांदा त्यांना कडकडून भूक लागली.

संध्याकाळी शर्वरी आली. कडेला उभी राहून हळूच म्हणाली, "बाई, कापड आत घ्यायचं का? चर झाकला गेलाय."

मुली ऐकत होत्या. गायत्रीसुद्धा.

"तंबू ठोकायला मला तू शिकवणार?" मंदाबाई म्हणाल्या. "तुझी चड्डी आखूड झाली म्हणून माझा परकर कापायला आलीस होय?"

मुली फिसकन हसल्या. शर्वरीचा चेहरा लाल झाला. ती "तसं नाही बाई" एवढंच म्हणाली आणि गेली. मंदाबाईंना वाटलं, आपण जिंकलो. पण ती वळली तशी गायत्री हसायची थांबून तिच्या पाठीकडे बघत राहिली, आणि जिंकल्याची गोडी तिथंच गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बन्सीलालसर आले. आभाळ सकाळपासून कोंदलं होतं, पण डिसेंबरात कोण आभाळाकडे बघतो? सर चपला काढून थेट हिरव्या अंगणात बसले, पाय पसरले, चहा घेतला. "वा मंदाबाई! हे तर तुम्ही घरच मांडलंय. ओटासुद्धा!" मंदाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. त्यांना शर्वरीकडे बघायचं नव्हतं, पण बघितलंच. ती चुलीपाशी मुलींबरोबर कांदे चिरत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कांद्याचंच असणार. तरी मंदाबाईंनी ते आपल्या हिशेबी जमा करून टाकलं.

सरांनी कप खाली ठेवला, कान खाजवला, बहुतेक बोलणारच होते. एवढ्यात आंब्याच्या पानांवर तडतड सुरू झाली.

मावठा काय पडला, वरून कुणी हंडे उपडे केल्यासारखा पडला. सर उठून तंबूत शिरले, त्यांच्यामागे मुली. मंदाबाई दारात उभ्या, निर्धास्त. ताडपत्रीवर पाणी कसं थेंबाथेंबांनी उभं राहतं हे त्यांनी स्वतः बघितलं नव्हतं का? ते आताही उभं राहिलं. फरक इतकाच की आता थेंब नव्हते, लोट होते. तंबूच्या भिंतींवरून ओघळलेलं पाणी चरात जायचं, तर चरावर ताडपत्री! मेण पाजलेलं कापड एक थेंब जिरू देईना. बाहेर आलेल्या त्या हातभर कापडावर पाणी साचलं, आणि वाट मिळाली तिकडे, म्हणजे भिंतीखालून सरळ आत धावलं. चारी बाजूंनी. जी ताडपत्री पाणी आत येऊ देणार नव्हती, ती आत आलेलं पाणी आता बाहेरही जाऊ देत नव्हती.

"बाई, पाणी!" एक पोर किंचाळली. मग सगळ्याच. गाठोडी उचला, कंदील उचला, सर एका पायावर. गायत्रीच्या आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी कोपऱ्यात होती, ती पाणी पिऊन अशी फुगली की गायत्रीला एकटीला उचलवेना. तिचे डोळे भरून आले. मंदाबाई नुसत्या उभ्या. त्यांच्या हाताला काही सुचत नव्हतं.

शर्वरी पावसातून धावत आली. गुडघ्यांवर बसली आणि बाहेरची ताडपत्री ओढून आत दुमडू लागली. खालचा चर उघडा पडला, त्यात पाणी खळखळलं.

"हात लावू नकोस!" मंदाबाई ओरडल्या. "माझ्या तंबूला हात लावू नकोस!"

शर्वरीचे हात जागच्या जागी थांबले. पावसाच्या आवाजातही बाईंचं ओरडणं सगळ्यांनी ऐकलं, सरांनीही. एका कडेचं काम अर्धवट राहिलं, बाकीच्या तीन कडांनी पाणी येतच होतं. मग सरांनीच चपला हातात घेतल्या आणि मुलींना म्हणाले, "चला, तिकडे चला." सगळी वरात शर्वरीच्या तंबूत गेली. गायत्रीची गोधडी शर्वरीनं दुसऱ्या टोकाला धरून नेली.

मंदाबाई घोट्याभर पाण्यात एकट्या उभ्या राहिल्या. एवढी महागामोलाची लाज कुणी स्वतः निवडून, चोळून, वास घेऊन घरी आणली असेल का? शेवटी गायत्री डोक्यावर ताट धरून आली. "बाई, चला ना. भिजताय."

शर्वरीचा तंबू आतून कोरडा ठणठणीत. मुली दाटीवाटीनं बसलेल्या. सर चष्मा पुसत होते. म्हणाले, "शर्वरीबेन, कापड तर दोघींचं एकच. मग हे कसं कोरडं राहिलं?"

"कापड तंबूपेक्षा लहान ठेवायचं सर. झालर आत वळवायची आणि कापड तिच्यावर. बाहेर बोटभरसुद्धा येऊ द्यायचं नाही, नाहीतर पाणी त्याच्यावरून चालत आत येतं." ती थांबली. मग मंदाबाईंकडे न बघता म्हणाली, "बाईंनीच शिकवलंय. सातवीत असताना. त्यांच्याकडे बारदान होतं, ते चारी बाजूंनी वीतभर आखूड होतं."

मंदाबाईंना आठवलं. मुली हसायच्या त्या आखूड बारदानाला, तेव्हा त्या ऐटीत म्हणायच्या, आखूड आहे म्हणूनच कोरडं आहे. अगदी हेच शब्द. म्हणजे दुकानातून हिनं जे नेलं ती चिंधी नव्हती, आपलाच धडा होता. आणि आपण त्याला आखूड चड्डी म्हणालो. भर सभेत कुणी तोंडात मारावी तसं झालं. पण खरं सांगायचं तर पश्चात्ताप वगैरे नंतर. आधी उसळला तो राग. हिनं निदान उर्मटपणा तरी करावा! 'मी कालच सांगितलं होतं' असं तरी म्हणावं! जिंकायचंही हिनंच आणि मोठेपणाही हिनंच घ्यायचा, मग आपल्याला उरलं काय?

सरांनी कान खाजवला. "मंदाबाई, तुम्ही पुष्कळ केलंत. आता जूनपासून शर्वरीबेन बघतील. तुम्हीही जरा विश्रांती घ्या."

"हो," मंदाबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? मंदाबाईंनी गळ्यातली शिट्टी ओल्या साडीच्या आत टाकली आणि जाऊन पार मागच्या कोपऱ्यात, सगळ्यांकडे पाठ करून बसल्या.

तिथं त्यांना ते दिसलं. एवढ्या पोरींच्या वावरण्यानं त्या कोपऱ्यातली झालर बाहेर सरकली होती आणि ताडपत्रीचं टोक भिंतीखालून बाहेर गेलं होतं. त्यावर पाणी साचायला लागलं होतं. एक बारीक ओहोळ आत आला, थांबला, पुन्हा पुढे सरकला. कुणाचंच लक्ष नव्हतं.

येऊ दे, मंदाबाईंच्या मनात आलं. येऊ दे आत. हिचाही तंबू भिजू दे, सरांची बैठक भिजू दे, कळू दे सगळ्यांना हिचंही कापड काही देवाघरचं नाही. त्या ओहोळाकडे बघत राहिल्या आणि त्यांना चक्क बरं वाटत होतं. ओहोळ वळला. पुढे गायत्रीची पिळून पसरलेली गोधडी होती, आणि तिच्या पलीकडे, गुडघ्यात डोकं खुपसून, एक लहानगी पोर झोपी गेली होती.

मंदाबाईंनी शिवी हासडली. ओठांतल्या ओठांत, पण अस्सल अहिराणी. मग पाठ तशीच ठेवून, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं टोक आत ओढलं, झालर त्याच्याखाली वळवली, वीतभर, जशी बारदानाखाली वळवायच्या. कोपरा ताणलेला राहीना, सारखा सुटून बाहेर जायला बघत होता. तेव्हा त्या सरकून त्याच्यावरच बसल्या. खालून गार पाणी साडीत चढत होतं.

"बाई, मध्ये या ना," गायत्री म्हणाली. "तिथं ओल आहे."

"माझं मी बघते."

"रुसल्यात," एक मुलगी कुजबुजली. "राहू दे, ताई म्हणाल्या, त्यांना एकटं राहू दे."

ताई! पुन्हा तेच. मंदाबाईंचा जीव नुसता जळत होता. शर्वरीनं मुलींना गाणं म्हणायला लावलं, मुली टाळ्या वाजवू लागल्या, सरसुद्धा ताल धरू लागले. मंदाबाईंनी मान वळवून एकदाही तिकडे बघितलं नाही, आणि पाऊस थांबेपर्यंत त्या कोपऱ्यावरून उठल्याही नाहीत.